रहीमभाईंची बावीस पोती

आमचे शेजारी अब्दुल रहीम म्हणजे एक नंबरचे हट्टी. चाळीस वर्षं त्यांनी अकोल्यात घरामागच्या खोलीत नळाच्या तोट्यांना क्रोमचा मुलामा दिला. त्या कामातलं पिवळंजर्द पाणी विषारी. नालीत सोडलं असतं तर कोणी विचारलं नसतं. पण रहीमभाई ते पिंपात भरत, औषध घालून हिरवं करत, मग चुना टाकून गाळ खाली बसवत. विष गाळात उतरायचं आणि गाळ वाळवून पोत्यात जायचा. मी खूप चिडवायचो त्यांना.

पोती न्यायला विषारी कचरा उचलणाऱ्या एका कंपनीची गाडी यायची. गुडघे गेले, रहीमभाईंनी कारखाना बंद केला, तशी गाडीही बंद झाली. बंद कारखान्याचा माल आम्ही घेत नाही, कंपनीवाले म्हणाले. अर्ज करकरून रहीमभाई थकले. बावीस पोती खोलीतच राहिली.

परतवाड्याच्या मुलीनं, नगमानं, आईबापांना कायमचं बोलावलं. घर विकायला काढलं. गिऱ्हाईक मागची खोली पाहून म्हणालं, "इथं स्वयंपाकघर करू." गप्प राहा म्हणून मी डोळ्यांनी खुणावत होतो. रहीमभाईंनी पोत्याचं तोंड सोडून सगळं सांगितलं. गिऱ्हाईक चहा न घेताच गेलं. असं तीनदा झालं.

माझं डोकंच फिरलं. "टाका ना एकदाचं मोर्णा नदीत. काहून सोताले कोंडून घेता?"

"कोनाच्या तरी पान्यातच जाईन ना थे, खुशालभाऊ."

आषाढात नगमाच्या बाळंतपणाला रहीमभाईंच्या पत्नी शहाजादीभाभी एकट्याच गेल्या. आठ दिवसांत येतो म्हणालेले रहीमभाई भादवा आला तरी इथंच. परवा माझ्या ओट्यावर बसून मोबाईलवर नातवाचा फोटो दाखवत होते. बोट सारखं त्याच्या गालावरून फिरत होतं. मला फार वाईट वाटलं.

"कुलूप लावा अन् जा. पोते काय पळून जातेत?"

"खोलीवरचं टिन गळून राहिलं, भाऊ. एक भोक बुजवलं का दुसरं. पाऊस आला का पोते सरकवा लागते. भिजले त पानी कुठं मुरन?"

ते माझ्या अंगणाकडे पाहत होते. आमची बोअर त्यांच्या भिंतीपासून बारा हातांवर आहे. तिच्याच पाण्याचा चहा आमच्या दोघांच्या हातात होता.

त्यानंतर मी त्यांना जा म्हणालेलो नाही.