प्रमिलाताईंची सुरी आणि माझा चकचकीत चाकू

चाकू निघाला आणि कोणी दचकलंच नाही.

तलासरीजवळच्या एका शाळेत दहावीची बारा मुलं डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून बसली होती. आत आमचा सिनेमा चालू. क्रिकेटच्या भांडणात एक मुलगा दोस्तावर चाकू काढतो, असा प्रसंग. मी मागे उभी, हातात रुमालांचा गठ्ठा. मुलं रडली तर लागतील म्हणून.

एक जण खुदकन हसला. "आजी, हा केक कापायचा चाकू हाय का?"

तेव्हा मी लहान होते, जेमतेम बासष्टची. तीस वर्षं पथनाट्यं केल्याचा तोरा होता. चाकू खास मुंबईहून मागवलेला. आणि ही मुलं सुट्टीत कमरेला कोयता लावून भाताच्या शेतावर जाणारी. त्यांना मी पात्याची भीती घालायला निघाले होते.

"मग तुम्ही बघत काय होतात?" मी विचारलं.

"ती मासेवाली मावशी. तिनं हात का थांबवला?" तोच मुलगा म्हणाला.

व्हीआरमध्ये प्रेक्षक प्रसंगाच्या मधोमध बसतो. मान वळवेल तिकडचं त्याला दिसतं. कॅमेऱ्याला चहूबाजूंनी लेन्स, त्यामुळे कॅमेऱ्यामागे अशी जागाच नसते. चिंचणीच्या किनाऱ्यावर मी वाळत घातलेल्या बोंबलांच्या आडोशाला बसून "ॲक्शन" म्हणाले होते. मुलांची ती मासेवाली मावशी, प्रमिलाताई, मात्र कॅमेऱ्याशेजारीच मासे साफ करत होत्या. त्यांना उठा म्हटलं तर म्हणाल्या, "बाय, मी रोज हितंच बसते. तुझा कॅमेरा उठव." त्या तशाच सिनेमात आल्या.

संध्याकाळी आम्हाला हेडसेट देणाऱ्या संस्थेच्या कौस्तुभचा फोन. "मॅडम, मुलं हसली म्हणे. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर हेडसेट दुसऱ्या प्रोजेक्टला जातील."

दुसऱ्या दिवशी मी चिंचणीला. प्रमिलाताईंना विचारलं, "चाकू निघाला तेव्हा तुमचा हात का थांबला?"

त्या खवले काढत राहिल्या. "पोरं असले चाकू नाय नेत, बाय. घरातली सुरी नेतात. माझी एक गेलीय. मुठीला निळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली. आमच्या सागरकडं हाय."

सागर त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा.

"त्याला विचारलं नाहीत?"

"विचारलं तर खोटं बोलंल. मग ते खोटंपण मलाच सांभाळायला लागंल." हातावरचे खवले झटकत म्हणाल्या, "तुझ्या सिनेमात मी बसते. तू जा बोंबलांच्या मागं."

या वेळी कॅमेरा त्यांच्या शेजारी, बसल्या माणसाच्या उंचीवर ठेवला. प्रमिलाताई टोपलीत सुरी शोधतात. टोपली उपडी करतात. लांबून मुलांचा आरडाओरडा येतो. त्या तशाच ओल्या हातांनी पळत सुटतात. पुढचं काही दिसत नाही. प्रेक्षक टोपलीपाशी एकटा बसून राहतो, त्याला उठता येत नाही. सागरचं नाव कुठेच नाही.

पहिला शो चिंचणीतच हवा, ही त्यांची अट. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. एक मुलगा तर हेडसेटसकट खुर्चीतून उठला, त्याला धरून बसवावं लागलं. सागर शेवटपर्यंत बसून होता. मग हेडसेट मांडीवर ठेवून हळूच म्हणाला, "आई, तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. मला सुरी रोज लागते."

दोन दिवसांनी मी सुके बोंबील घ्यायला गेले, तेव्हा प्रमिलाताई निळ्या चिंधीच्या सुरीनं सुरमई कापत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "धार घालवलीन मेल्यानं." आणि पदरानं डोळे पुसले.

हेडसेट संस्थेनं इथेच ठेवले. मुंबईच्या चाकूनं नातीच्या वाढदिवसाचा केक कापला, तोही नीट कापला गेला नाही. आता शूटिंगला जाताना मी चाकूची चिंता करत नाही. जागा सोडायला नकार देणारी बाई कुठे बसलीय, ते आधी बघते.