दुबईत भाजलेला राब

साठच्या दशकात आम्ही दुबईला खाडीजवळ, खजुराच्या झावळ्यांच्या घरात राहत होतो. आम्ही म्हणजे मी आणि हे. ह्यांची एका कापडाच्या दुकानात नोकरी. तेव्हा रत्नागिरीकडच्या बायका गावीच राहायच्या, नवरे वर्षा-दोन वर्षांनी यायचे. मी हट्टानं ह्यांच्या मागे लागून आले होते. "आधी उन्हाळा काढून दाखव, मग राहायचं बघू," हे म्हणाले होते. काढून दाखव म्हणे! जशी काही मी पाहुणीच.

उन्हाळा काढत आणला, पण जेवण जाईना. भात आणि सुकी मच्छी, हिरवं म्हणून ताटात काही नाही. ऑगस्ट सरत आला तेव्हा हे म्हणाले, इथं भाजी थंडीत होते, रोपं आत्तापासून करायला हवीत. आईनं दिलेलं मिरचीचं बी माझ्या ट्रंकेत होतंच. पदर खोचला आणि लागले कामाला.

आता आमच्याकडे रोपं करायची तर आधी राब भाजायचा. वाफ्यावर पालापाचोळा पसरून पेटवायचा, तण आणि किडे जळून जातात, मग त्या राखेत बी टाकायचं. लहानपणापासून हेच बघितलेलं, दुसरा विचार मनात येतोय कशाला? अंगणात वाळक्या झावळ्या पसरल्या आणि काडी लावली. वारा सुटलेला, चहूबाजूंना झावळ्यांचीच घरं! जाळ कुंपणाएवढा उठला तेव्हा कुठं माझं डोकं ठिकाणावर आलं.

शेजारची अरब बाई अनवाणी धावत आली. आपल्या घरात होतं नव्हतं ते सगळं गोडं पाणी तिनं माझ्या राबावर ओतलं. गोडं पाणी तेव्हा गाढवावरून डब्यांतून यायचं, आम्ही ते पुरवून पुरवून वापरायचो. आणि मग जी काय ओरडली! मला अरबी येत नव्हती तेच बरं.

संध्याकाळी हे आले, ऐकून पांढरेफटक पडले. "वस्ती जाळली असतीस! पुढच्या जहाजानं गावी जायचं. खलास." मी रडले, भांडले, पण ऐकतील तर शपथ.

दुसऱ्या दिवशी शेजारीण दारात हजर. वाटलं, राहिलेली बोलणी ऐकवायला आली. तिनं राखेकडे बोट दाखवून हातानंच विचारलं, हे कशाला? मी पुरचुंडी सोडून बी दाखवलं. बाईनं कपाळावर हात मारला आणि अशी हसली, की मलाही हसू फुटलं. रॉकेलचा डबा आडवा कापून आम्ही त्यात माती नि तीच राख भरली, बी टाकलं, आणि डबा तिनं आपल्या घरात माठाच्या घडवंचीखाली सरकवला. माठ दिवसभर पाझरायचा, खाली सावली आणि थेंब थेंब ओल. "इन्शाल्ला," ती म्हणाली. बाहेर पाय ठेववेना असं ऊन, आणि त्या माठाखाली माझ्या मिरचीनं मान वर काढली! मी तिच्या गळ्यातच पडले.

रोपं बोटभर झाली. हे रोज संध्याकाळी शेजारणीकडे जाऊन रोपं बघून येत, पण जहाजाचं नाव काढत नसत. मीही विचारलं नाही, मानी बाई मी. ट्रंक मात्र भरून ठेवली. रोपं शेजारणीलाच देऊन टाकायचं ठरवलं. ह्यांना सोडून जायचं या विचारानं जीव नुसता तुटत होता.

एका सकाळी वारा जरा गार लागला. बाहेर येऊन बघते तर हे अंगणात वाफा खणतायत.

"अहो, कामावर नाही गेलात? आणि माझं जहाज कधी आहे?"

"काल गेलं." मान वर न करताच म्हणाले.

"गेलं? आणि मी?"

"मला नाही राहवत तुझ्याशिवाय. जा, रोपं घेऊन ये, ऊन चढेल."