खच्चरांचा पोळा

पन्नासच्या दशकातला तो पावसाळा. चांदा जिल्ह्यात, गोंडपिपरीच्या पुढच्या जंगलात सर्व्हे पार्टी काम करत होती. तिला रसद पोचवायला आमची लष्कराची खच्चरांची तुकडी आली. मी नाईक. हाताखाली मोजके जवान, आणि सल्ला द्यायला अख्खं गाव.

रूटीन पक्कं होतं. आधी पाणी, मग गवत, शेवटी हरभरा. ओझं वाहणाऱ्या जनावराचं मांस हरभऱ्यातल्या प्रोटीनवर टिकतं. पण कोरडा हरभरा भरपूर चारून वर पाणी पाजलं, की तो पोटात फुगतो. बैल रवंथ करतो, त्याचं निभतं. खच्चराला ना रवंथ, ना ओकारी. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

शेजारच्या शेतातला सोमाभाऊ रोज यायचा.

"नाईकसाहेब, पहिलेच इतलं पाणी पाजून राह्यले, मंग दाण्याले जागा कुठी राह्यते?"

"सोमाभाऊ, हे बैल नाहीत."

"जनावर ते जनावर."

पालथ्या घड्यावर पाणी! त्याचा जीव रानीवर होता. रानी म्हणजे आमचं सगळ्यात दमदार खच्चर. चिखलात रुतलेली त्याची बैलबंडी तिने ओढून काढली होती. तेव्हापासून ती त्याला घरचीच वाटे.

पोळ्याच्या दिवशी मी रसद घेऊन गेलो होतो. रानीला विश्रांती होती. दुपारी परतलो तर तिच्या गळ्यात माळ, आणि शिंगं नाहीत म्हणून कानांना गेरू. पुढ्यात रिकामं टोपलं, शेजारी रिकामी बादली. खच्चरांच्या पिकेटवर पहाऱ्याला असलेला जवान पुरणपोळी खात बसला होता.

"काय चारलं हिला?"

"सोमाभाऊने टोपलंभर हरभरा, सर. वर दोन बादल्या पाणी. त्यांचा सण होता, सर."

माझं डोकंच फिरलं. रानी पुढच्या पायाने जमीन उकरत होती, वळून वळून पोटाकडे बघत होती. अंगाला घाम फुटला होता. मी वायरलेसवर गेलो.

"वन ॲनिमल सिक. पोटशूळ. डॉक्टर पाठवा. ओव्हर."

"नाल्याला पूर आहे. उद्याशिवाय शक्य नाही. ओव्हर."

डॉक्टरने पूर्वी शिकवलं होतं तसं तिला चालवत ठेवलं. सोमाभाऊ धावत आला.

"काऊन अशी करून राह्यली हे?"

"तुमच्या पोळ्यामुळे!" मी ओरडलो.

त्याने दुसऱ्या बाजूने दोर धरला. आम्ही दोघं चिखलात तिला फिरवत राहिलो. संध्याकाळच्या रोल कॉलआधी ती बसली, आडवी झाली, ती उठलीच नाही. सोमाभाऊने तिच्या कानाचा गेरू धोतराच्या सोग्याने पुसला. मला इतका संताप आला होता की रडूही येईना. जवानाला शिक्षा दिली. सोमाभाऊला काय देणार? त्याने मायेनेच चारलं होतं.

पेन्शनीत आल्यावर एकदा पोळ्यालाच तिकडे गेलो. सोमाभाऊ थकला होता. बैलांपुढे त्याने आधी बादली ठेवली, मग टोपलं.

"पहिले पाणी, मंग दाणा," तो म्हणाला. "रानी गेली तवापासून बैलाईले बी असंच."

बैलांना त्याची गरज नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं. काय माणूस! तेव्हा ऐकलं नाही, आणि आता नको तिथे ऐकतोय.

मग तो मला बांधाकडे घेऊन गेला. तिला पुरलं होतं तिथे गेरू लावलेला एक दगड होता. त्याने दगडापुढे तांब्याभर पाणी ओतलं. ते जमिनीत मुरेपर्यंत थांबला. मग ओंजळभर हरभरा ठेवला.

मी सावधान उभा राहिलो आणि सॅल्यूट केला.