दह्याचा हात

अमेरिकेत, टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आमच्या घरामागच्या तळ्याकाठी सकाळी एक काकू बसलेल्या असत. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. साडीवर सुनेचं जॅकेट, पायात मुलाचे बूट. लॉग-इन करायच्या आधी मी तिथं चालायला जायचो.

एका शुक्रवारी त्यांनी पिशवीतून दह्याची डबी काढली आणि जर्मनीत शिकणाऱ्या नातीला व्हिडिओ कॉल लावला. नात वीकेंडला प्रागला निघाली होती.

"हात पुढे कर," काकू म्हणाल्या.

"आजी, ट्रेन सुटेल यार," म्हणत तिनं तळवा कॅमेऱ्यासमोर धरला. काकूंनी चमचाभर दही स्क्रीनजवळ नेलं आणि मग स्वतःच खाल्लं. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "काळजी मला आहे, तिला कुठे आहे? मग दही मीच खायला हवं."

पुढच्या शुक्रवारी फोन नुसता वाजत राहिला. मग मेसेज आला. काकूंकडे चष्मा नव्हता, म्हणून मी वाचून दाखवला. "सॉरी आजी, पॅरिसला पोचलेसुद्धा."

काकू उघड्या डबीकडे बघत बसल्या. मग मला म्हणाल्या, "तू कुठे निघालास?"

"कुठेच नाही काकू. घरी. मीटिंग आहे."

"घरी तर घरी," म्हणत त्यांनी माझा हात ओढून तळव्यावर दही ठेवलं.

घर दोन मिनिटांवर होतं. तरी दार उघडल्यावर 'पोचलो' असं कळवावंसं वाटलं. काकूंचा नंबर सोडा, नावसुद्धा मला माहीत नव्हतं.