मागच्या पानापासून वाचणाऱ्या बाई

केसपेपर हातात आला की बाई तो उलटा करायच्या आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागायच्या. "पुढं डॉक्टरांची घाई असते," त्या म्हणायच्या, "पेशंट मागं सापडतो."

भिवंडीच्या एका सरकारी दवाखान्यात, रेकॉर्डच्या खोलीत, घरी गेलेल्या पेशंटच्या कागदावर बाई आजाराचा आकडा घालत. प्रत्येक रोगाला जगभर एकच आकडा, हे मला त्यांनीच सांगितलं. तुम्हीही अशी माणसं खिडकीपलीकडून पाहिली असतील आणि वैतागला असाल. मीही वैतागायचो. नव्वदच्या आसपास गढूळ पाण्यावर आम्ही पत्रकं काढायचो, त्यासाठी तापाचे पेशंट मोजायला मी रोज तिथे. ताप दिसला की टायफॉइड धरायचो.

"काय कार्यकर्ते, आज किती धरले?" बाई विचारायच्या. "ताप ही तक्रार आहे. निदान नव्हे."

एका सकाळी कागद उलटा करताना त्यांचा हात थांबला. अंबाडीच्या वरच्या पाड्यावरची सतरा वर्षांची मुलगी. पहिल्या पानावर 'ताप, बरा'. कालच घरी सोडलेली. मागे रक्ताचा रिपोर्ट, ती गेल्यावर आलेला, न वाचताच टाचलेला: इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस, प्लीहा सुजवणारा एक विषाणूचा ताप. आणि मधल्या पानावर कुणीतरी लिहून ठेवलेलं, प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालची पाणथरी, चार बोटं वाढलेली.

बाई तडक डॉक्टरांकडे. मी मागे.

"व्हायरल आहे हो, आपोआप जातो," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात बोलवा."

"पोटात दुखलं की तिकडं वाटी सरकली, बेंबी जागची हलली म्हणतात, पोट चोळतात. सुजलेली प्लीहा चोळली तर फुटेल, साहेब. पोरगी जाईल."

"गाडी नाही आपल्याकडे."

बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा लिहिली आणि एसटी धरली. अंबाडीला उतरून पाड्याकडे चढताना मी डॉक्टरांचा उद्धार करत होतो. "ते नंतर छाप," बाई म्हणाल्या. "आधी पाय उचल."

आम्ही पोचलो तेव्हा मुलगी चटईवर उताणी होती आणि तिची आजी तळहातावर तेल घेत होती.

"मावशी, हात थांबवा."

"पोटाचं दुखणं चोळल्याबिगर उतरायचं न्हाय. तू डाक्टरीन हायस?"

"नाही. मी कागद लिहिते."

"मंग लिव की."

बाई मुलीशेजारी बसल्या. "कुणी पोट दाबलं का गं? डावा खांदा दुखतो?" प्लीहा फुटली की कळ तिथे येते, हे त्यांनी मला वाटेतच सांगितलं होतं. मुलीने मान हलवली. न्हाय. तेव्हा कुठे बाईंनी पदराने तोंड पुसलं. "आत पिकल्या पपईसारखं झालंय, मावशी. दाबलं की फुटलं."

आजी हातातल्या तेलाकडे बघत राहिली. मग ते तिने नातीच्या तळपायांना लावलं.

संध्याकाळच्या प्रवासी जीपने मुलगी पुन्हा दवाखान्यात आली. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिच्या कागदावर आजाराचा आकडा घातला, ०७५. तेवढ्यात सगळं मावत नव्हतं, म्हणून शेजारी शब्दांत लिहिलं: प्लीहा वाढलेली, पोट दाबू नये.

"तुझ्या यादीत ही काय म्हणून आहे?" त्यांनी विचारलं.

टायफॉइड. पत्रक छापून झालं होतं. मी गठ्ठा घेऊन तिथेच बसलो आणि एकेका प्रतीवर टायफॉइडच्या पेशंटचा आकडा खोडून एकाने कमी केला. बाईंनी चहा मागवला.

पुढे त्या निवृत्त झाल्या. आता त्या नाहीत.

परवा त्या खोलीत गेलो. नवा कारकून पहिल्या पानावरूनच आकडे घालत होता, भराभर. मी गठ्ठ्यातला वरचा कागद उलटा केला. मागे एक रिपोर्ट टाचलेला, घडीही न उघडलेला.

"हा वाच," मी म्हणालो. आणि तो वाचेपर्यंत तिथून हललो नाही.