सल्ला केंद्रातला मराठी माणूस

माह्या लांबरोट्या गाय खाऊन राहिली होती.

मी हात धुवायले मागच्या जिन्यानं खाली उतरली तं हे दिसलं. केंद्राच्या इमारतीमागं, जिथं साहेब लोकांच्या गाड्या लागतात, तिथं नालीजवळ शिपाई उभा. हातात माही टोपली. टोपलीवरचं पांढरं फडकं त्याच्या खांद्यावर. एक एक रोटी उचलून तो गाईपुढं टाकत होता अन् गाय मान बी वर करत नव्हती. रोट्या गरमच होत्या अजून.

माह्या दोन्ही हातांले कोपरापर्यंत कणीक लागलेली. वाळून चामडी ओढून राहिली होती. मी म्हटलं, "ये क्या कर रहे हो, भैया?"

शिपाई इथलाच, छत्तीसगढी माणूस, भला. त्यानं खाली पाह्यलं. "साहब बोले, गाय को खिला दो। पुन्न मिलही, दीदी।"

पुण्य! पीठ माहं, हात माहे, अन् पुण्य साहेबाले. वा रे वा.

हा साहेब कोण अन् मी त्याच्या दारात काहून गेली, ते सांगते. तोंड कडू होते सांगतानी, पण सांगते.

आमच्या घरी नोकरी म्हणजे जीव. बाप गोंदियाकडून इथं रायपूरले आला तो रेल्वेत खलाशी, म्हणजे मजूर, म्हणून. भाऊ रेल्वेत. नवरा उरल्याच्या, म्हणजे शहराबाहेरच्या कारखान्यांच्या भागातल्या, रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर. धंदा आमच्यातल्या कोणी केला नाई. दुकानासमोर उभं राहायचं आम्हाले माहीत, दुकानात बसायचं नाई. पण लांबरोटी माह्या मायनं शिकवली होती. ती सोपी नाई. कणीक एवढी सैल पायजे की पातेल्यात आपटू आपटू हात भरून येते. मंग तो गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा, झुलवायचा, कोपरापर्यंत ताणायचा, अन् चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर फेकायचा. पाण्यासारखी पातळ रोटी. मटणासंग खाल्ली की माणूस दुसरं काही मागत नाई. आधी आमच्या पाऱ्यातल्या, मोहल्ल्यातल्या, लग्नांत मी करायची. मंग पंडरी बाजारातल्या कापडवाल्यांच्या घरून बोलावणं यायले लागलं, मंग वकिलांच्या घरून. "मटका रोटी वाली दीदी" म्हणत. कोणी विचारलं नाई कोण, काय. खायचे अन् बोट चाटायचे.

तेवढ्यात शहरात नवी खाऊगल्ली होऊन राहिली असं कानावर आलं. बायांच्या छोट्या धंद्यांले तिथं पक्के गाळे मिळणार. नळ, लाईट, वर पाटी. पण अर्जासंग कोण्यातरी सल्ला केंद्राची शिफारस पायजे. तो गाळा माह्या डोक्यात बसला. रोटी टाकतानी बी तोच दिसे. माह्या नावाची पाटी, खाली चूल, समोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक. आयुष्यात एवढं काही मागितलं नव्हतं मी.

मंग सल्ला केंद्र धुंडायले निघाली. माही पोट्टी कॉलेजात आहे. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, तसंच चालते आमचं. तिनं मोबाईलवर शोधलं. "मम्मी, पास में ही तीन-चार हैं।" पहिल्या ठिकाणी गेलो तं तिथं परीक्षेचा कोचिंग क्लास. दुसरीकडं कुलूप, कुलपाले गंज, अन् बाजूचा पानठेलेवाला म्हणे, "वो तो कब का उठ गया।" तिसरं सरकारी इमारतीत. या खिडकीतून त्या खिडकीत पाठवलं, अन् शेवटच्या खिडकीतला बाबू मान वर न करता म्हणे, "पोर्टल पे अपना आइडिया डाल दीजिए।" आइडिया! माहा आइडिया माह्या मांडीवर फडक्यात बांधून आणला होता मी, त्याले चाखायले. त्यानं पाह्यलं बी नाई. छोट्या धंदेवाल्यांसाठी पाट्या लय आहेत या शहरात. पाटीमागं माणूस नसते.

चौथं केंद्र पंडरीत सापडलं. साड्यांच्या ठोक दुकानावर दुसरा माळा. तिथं माणूस होता. सर म्हणत त्याले सारे. बँकेतून रिटायर, पांढरा झक शर्ट, खिशाले दोन पेन. त्याचं घराणं इथं मराठ्यांच्या राजवटीपासून आहे, हे तो कोणालेबी पाच मिनिटांत सांगे. मी पोट्टीले मराठीत काहीतरी म्हटलं, ते त्याच्या कानावर पडलं. खुर्चीतून उठलाच तो.

"अरे वा! मराठी का? या, या, बसा ना. किती दिवसांनी कानावर मराठी पडली! ह्या लोकांना आपलं काय कळणार?"

चहा सांगितला. बिस्कीट सांगितलं. गणपतीत मंडळात कधी दिसला नाहीत म्हणाला. मले एवढं बरं वाटलं की काय सांगू. तीन केंद्रं फिरून पाय दुखून राहिले होते, अन् इथं कोणीतरी बसा म्हटलं, आपल्या भाषेत म्हटलं.

"आडनाव काय आपलं?"

मी सांगितलं.

त्यानं चष्मा नीट केला. "राहता कुठे?"

तेबी सांगितलं. विहाराच्या मागं.

खुर्ची थोडी मागं सरकली. "अच्छा। ठीक है। फॉर्म उस टेबल पर मिलेगा, भर दीजिए।"

बस. मराठी संपली त्याची. चहा आला तो मी फॉर्म भरता भरता प्याली, अन् बिस्कीट आलंच नाई. पोट्टी रस्त्यात म्हणे, "मम्मी, सर अचानक हिंदी क्यों बोलने लगे?" मी म्हटलं, तुह्यासाठी असन. खोटं बोलली. मले कळलं होतं.

इथल्या हिंदी माणसाले मराठी आडनाव म्हणजे मराठी आडनाव. सारे सारखेच. कोणतं वरचं, कोणतं खालचं, हे त्याच्या बापाले बी कळत नाई. ते ओळखायले आपलाच मराठी माणूस लागते. दोनशे वर्षं इथं राहून यानं काय जपलं म्हणता? भाषा नाई. पोरं त्याची घरात इंग्रजी बोलतात. जपली तं ही एक विद्या, आडनाव हुंगायची.

तरी मी गेली. शिफारशीचा कागद त्याच्याच सहीनं निघणार होता ना. सहा आठवड्यांचं शिक्षण. काय शिकवलं, तं गिऱ्हाईकाकडं पाहून हसावं कसं. कार्ड द्यावं कसं. भिंतीवर चित्र लावलेलं, त्यात एक बाई पायऱ्या चढून राहिली अन् वरच्या पायरीवर सूर्य. ज्यानं जन्मात कोणाले भजं विकलं नाई तो मले धंदा शिकवे, अन् मी वहीत लिहून घेई. एक दिवस साऱ्या वर्गासमोर माह्याकडं बोट करून म्हणाला, "इन लोगों के हाथ में हुनर होता है।" मी खूश! घरी जाऊन नवऱ्याले सांगितलं. तो जेवून राहिला होता. म्हणे, "इन लोगों म्हणजे कोणते लोक?" मी त्याच्यावरच खेकसली. म्हटलं तुले कोणाचं चांगलं बोललेलं पाहवत नाई. अशी मूर्ख होती मी.

मंग तो दिवस आला. गाळे वाटणाऱ्या समितीचे लोक चाखायले येणार होते. आमच्या वर्गातल्या एका बाईनं लोणच्याच्या बरण्या मांडल्या. चांगल्या घरची बाई, अंगावर सोनं, पण लोणच्याले तिच्या महिन्याभरात बुरशी येते. मी गच्चीवर चूल मांडली, मडकं पालथं घातलं. रोटी हातावर झुलवायले लागली तं सारे मोबाईल काढून गोळा झाले. ताटं भरली. मी संग वांग्याची भाजी नेली होती. ऑफिसातला क्लार्क दोन रोट्या खाऊन तिसरी मागत होता. "बने लागिस, दीदी," म्हणे, झकास लागली. समितीतल्या मोठ्या बाईनं एक तुकडा तोडला, भाजीत बुडवला.

तेवढ्यात सर आला. तिच्या कानाशी वाकला. लय नाई बोलला, चार-पाच शब्द.

तिनं तो तुकडा ताटात ठेवला. ताट टेबलाखाली सरकवलं. तिच्याकडं पाहून बाजूच्यानं ठेवलं, त्याच्याकडं पाहून त्याच्या बाजूच्यानं. क्लार्कनं तिसरी रोटी हातातली खाली ठेवली. मले काय वाटलं सांगू? मले वाटलं मीठ जास्त झालं! भर उन्हात गच्चीवर उभी राहून मी धावत चुलीकडं गेली अन् रोटी तोडून चाखून पाह्यली. भाजी चाखली. परत रोटी चाखली. मीठ बरोबर होतं. मीठ तोंडात घोळवत उभी राहिली मी येड्यासारखी, अन् मंग हॉटेलातून डबे आले. साऱ्यांले एक एक डबा वाटला.

मी हात धुवायले खाली गेली, ते तुम्हाले सांगितलंच.

वर आली तं सरनं केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. काचेचं केबिन, बाहेर हॉल भरलेला. अन् काय चमत्कार पाहा, त्याले मराठी परत आली.

"बसा ताई. राग मानू नका हं, मी तुमच्या भल्याचंच सांगतोय. हात तुमचे सोन्याचे आहेत. पण खाण्याचा धंदा आहे, लोक विचारतात कोणी केलं. आपण असं करू, गाळा त्या लोणचंवाल्या बाईंच्या नावानं घेऊ. त्या पुढे बसतील, तुम्ही मागे रोट्या करा. पाटीवर तुमचं नाव नको. कोणाला कळायचं कारणच नाही. आपली माणसं म्हणून सांगतोय."

आपली माणसं! सहा आठवडे मी हिंदीतली बाई होती. आज घाण सांगायची होती तं मराठीत सांगितली, कारण काचेपलीकडच्या कोणाले ती समजणार नव्हती. एवढ्याचसाठी उरली होती त्याच्याजवळ माह्या मायची भाषा. पडदा म्हणून. त्याच्या टेबलावर फॉर्म होता. मी उलटा वाचला. लोणचंवालीचं नाव भरलेलं, तिची सही झालेली. मले विचारायच्या आधीच.

माह्या डोक्यात सणक गेली. मी उठली, दार सताड उघडलं अन् हॉलमध्ये उभी राहून हिंदीत बोलली, चांगलं खणखणीत.

"सुनिए सब लोग। सर ने अभी मुझसे मराठी में जो कहा, वो मैं हिंदी में बता देती हूँ। सर कहते हैं, हाथ मेरा चलेगा, नाम मेरा नहीं चलेगा। दुकान इन दीदी के नाम से होगी, मैं पीछे बैठकर रोटी बनाऊँ, ताकि किसी को पता न चले किसने बनाई। मेरी जात सर ने यहाँ कान में बताई है। आप सबको भी मालूम हो जाए।"

अन् सांगितली. आडनावासकट सांगितली.

सर मागून आला. "गैरसमज होतोय तुमचा, बाई." मंग हॉलकडं वळून, "इनको समझने में गलती हुई है।" एकाच तोंडानं दोन भाषांत खोटं. लोणचंवाली म्हणे, "मुझे तो कुछ पता ही नहीं था, दीदी।" सही तिचीच होती. समितीवालीनं पर्स बंद केली अन् घड्याळ पाह्यलं. क्लार्क कॉम्प्युटरात तोंड घालून बसला. माह्या दोन रोट्या त्याच्या पोटात होत्या अजून. एक माणूस उठला नाई. मले त्या सरचा राग आला तं या बाकीच्यांची किळस आली. त्यानं निदान तोंड उघडून घाण केली. यांनी ती गुपचूप डब्यासंग गिळली.

"तुमची फाईल बंद समजा," सर हळूच म्हणाला. मराठीत.

घरी पोट्टी म्हणे, "छोड़ो ना मम्मी, दूसरा सेंटर ढूँढ लेंगे।" पाऱ्यातल्या बाया म्हणाल्या, उरल्याच्या मिलच्या गेटपुढं ठेला लाव, शिफ्ट सुटली की मजूर खातात, गाळा घेऊन काय करतं? ठेला तं मी लावलाच. दुसऱ्याच आठवड्यात लावला, अन् चालते बी चांगला. पण सगळ्यांचं बोलणं शेवटी एकच. तिथं जाऊ नको. काहून जाऊ नको? दार काय त्याच्या बापाचं आहे? छोट्या धंदेवाल्यांसाठीच उघडलं ना ते? मी कोण आहे मंग?

सोमवारी मी परत गेली. नवा अर्ज, माह्या नावानं. संग तक्रार. त्यात त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं, वर मराठीत, खाली हिंदीत, की दोन्हीकडच्यांले समजलं पायजे. क्लार्क घेत नव्हता. मी म्हटलं, ठप्पा मारा, मी बसली आहे. संध्याकाळी मारला. उत्तर आलं, "विचाराधीन". मी दुसरा अर्ज दिला. परत "विचाराधीन". आता तिसरा दिला आहे.

त्याले वाटते बाई थकन. चिडून म्हणन, नको मले तुमचा गाळा. तेवढंच पायजे त्याले. आमच्या लोकांनी मान वर करून निघून जावं अन् यांनी खुर्चीत आरामात बसावं. मी ते म्हणत नाई. मले गाळा पायजे. पाटीवर माहं नाव पायजे, पुरं, आडनावासकट, रस्त्यापलीकडून वाचता येईन एवढ्या मोठ्या अक्षरात. अन् त्याच्या शिफारशीवर दुसऱ्या कोणाची सही मले चालत नाई. त्याचीच पायजे. त्याच्या हातानं, माह्या नावासमोर. तोपर्यंत दर सोमवारी मी त्या काचेपुढं बसीन, अन् आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाले सांगीन की मी इथं काहून बसली आहे.