हुफूफमधला मिरग

गरम मुलुखात पहिली भाजी कधी लावावी, याचं उत्तर आधीच सांगून टाकते: जूनमध्ये नाही. जूनमध्ये बी उगवत नाही, भाजतं. ही अक्कल आम्हाला सौदीतल्या हुफूफमध्ये स्वतःचे वाफे जाळून आली.

आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरची माणसं. अब्बा हुफूफच्या बाजारात विजेच्या सामानाच्या दुकानात काउंटरला होते. मी गावाकडचं कॉलेज आणि तिथल्या संघटनेची पत्रकं, दोन्ही आटोपून त्यांच्याकडे आले होते. तळमजल्याचं घर, मागे भिंतीआड थोडी मोकळी जमीन. आयुष्यात पहिल्यांदा अम्मीला नवऱ्याच्या नोकरीच्या गावी स्वतःचं परसू मिळालं होतं. मिरग लागला तशी ती अस्वस्थ झाली. आमच्याकडे मिरगाला ज्याच्या घरचं बी मातीत गेलं नाही, त्याला आळशीच म्हणतात.

"अगो, बाहेर बघ तरी. चपला वितळतायत," अब्बा म्हणाले.

"मिरग तो मिरग. आभाळ काय वेगळं आहे इथलं?"

मग काय, भेंडी, काकडी, पडवळ, सगळं मातीत गेलं. छपरावरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी असं की त्यात सरळ चहापत्ती टाकावी. तेच आम्ही निष्ठेने वाफ्यांना घालत होतो. काकडीने दोन पानं काढली, वाळूचा वारा सुटला आणि संध्याकाळपर्यंत त्या पानांचे पापड झाले. अम्मीने पुन्हा पेरलं. पुन्हा पापड. मला कोणावर तरी चिडायचं होतं, पण सूर्याविरुद्ध पत्रक काढता येत नाही.

पलीकडच्या घरात आमची घरमालकीण राहायची, तिथलीच, खजुराच्या बागायतदार घराण्यातली. तिने भिंतीवरून आमचे वाफे पाहिले आणि पोट धरून हसली. मग माझ्या तोडक्या अरबीला झेपेल अशा बेताने तिने सांगितलं: सुहैल दिसू दे. सुहैल म्हणजे ऑगस्ट सरता सरता दक्षिणेला उगवणारा तारा. तो दिसला की उन्हाचं कंबरडं मोडतं, आणि त्यानंतर इथली माणसं पेरायला घेतात.

मी अम्मीला ते मराठीत सांगितलं. तिला क्षणात पटलं. "म्हणजे यांचा पण मिरग आहे. उशिरा येतो, एवढंच."

सुहैल आला, पण त्याच्याआधी दुसरीच बातमी आली. सरकारचा नवा नियम: दुकानातल्या काउंटरच्या जागा आता सौदी माणसांनाच द्यायच्या. अब्बांच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचं तिथलं राहणं होतं त्याने, त्यांना बसवून सांगितलं: इकाम्यावरचा, म्हणजे राहण्याच्या परवान्यावरचा, हुद्दा बदलून मिळाला तर गोदामात घेतो, नाही मिळाला तर खलास, कायमचं घरी जायचं. इकामा संपायला थोडेच आठवडे उरले होते.

माझ्या डोक्यात मथळा तयार. ज्याने अर्ध्या हुफूफच्या घरांना वायर निवडून दिली, त्याला खड्यासारखं बाहेर काढता? पण पलीकडे मालकिणीची लेक पदवी घेऊन कधीची घरी बसली होती, आणि तिला याच नियमामुळे कापडाच्या दुकानात पहिली नोकरी लागली. त्या दिवशी तिथून ताटभर मिठाई आली. अम्मीने ती खाल्ली आणि मलाही खायला लावली. या दोन घरांना एका पत्रकात बसवणं मला अजून जमलेलं नाही.

"सुहैल आलाय, पेर आता," मालकीण भिंतीवरून ओरडली. अम्मीने हात हलवला आणि आत आली.

"पेर ना, अम्मी."

"खाणार कोण? आपण जायचं आणि मागे रोपं तहानेने मरायची. नको."

"हेच तर त्यांना हवंय! माणूस घाबरला की स्वतःहून जगणं आवरतं घेतो."

"त्यांना म्हणजे कोणाला? तो कफील बिचारा अब्बांसाठी ऑफिसात खेपा घालतोय. भाषण नको, कांदा चीर."

कांदा चिरला. पलीकडच्या वाफ्यात जरजीर नावाची तिखट पालेभाजी वर आली, आमची जमीन तशीच कोरडी. अम्मी तांदूळ छोट्या पिशवीतून आणू लागली. गोधड्या बांधून ठेवल्या. अब्बा रोज दुपारी दुकान बंद करून येत, आणि आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत नसल्याचं दाखवत असू.

एका दुपारी त्यांनी दारात बूट काढले आणि वाकलेलेच राहून म्हणाले, "झालं."

"काय झालं?" अम्मीने विचारलं.

"गोदामात. इकामा निघाला. वर्षभराचा."

अम्मी होती तिथेच खाली बसली. मी तोंड उघडलं: काउंटरवरून उचलून खोक्यांमागे टाकलं, हा अपमान...

"ए पुढारी, आधी पाणी दे," अब्बा म्हणाले. "उभं राहून राहून माझ्या पायांची लाकडं झाली होती. गोदामात खुर्ची आहे."

मी पाणी आणायला गेले. अन्याय होता तो, आजही म्हणते. पण त्या दुपारी छातीवरून असा धोंडा उतरला होता की रागाला धरायला काही सापडेना. स्वयंपाकघरात उभी राहून मी मोठ्याने हसले.

बाहेर अम्मी भिंतीपाशी पोचलीसुद्धा होती. "विचार तिला, उशीर झाला का?"

मालकीण म्हणाली, थंडी अजून यायचीय, यल्ला, लागा कामाला! मेथी, मुळा, कोथिंबीर आत्ता, टोमॅटोची रोपं आत्ता. काकडी-भेंडीला मात्र थंडी सरेपर्यंत हात लावू नका.

हिवाळ्यात मेथी अशी माजली की कापून हात दुखले. भिंतीपलीकडे जुड्या गेल्या, गोदामात गेल्या, तरी उरली.

"आज पण मेथी?" अब्बांनी ताट बघून विचारलं.

"इकामा मिळालाय ना?" अम्मी भाकरी वाढत म्हणाली. "मग खा."